साखरपाण्याच्या तीन पाळ्या

टक्सनमधल्या हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या तोट्या आणि रंगाचे डबे संपले की पुढची अख्खी रांग लाल बाटल्यांची लागते. काचेच्या, प्लॅस्टिकच्या, उलट्या टांगायच्या, बशीसारख्या पसरट. कुणाला चार भोकं, कुणाला आठ, आणि प्रत्येक भोकाभोवती प्लॅस्टिकचं फूल. जावई गळक्या तोटीचा वायसर शोधत होते, तेवढ्यात मी ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून काढली. या बाटल्यांत साखरेचं पाणी भरायचं आणि परसात टांगायचं. कुणासाठी, तर हमिंगबर्डसाठी. शेजारच्याच फळीवर मुंग्या येऊ नयेत म्हणून बाटलीच्या वर अडकवायच्या पाण्याच्या वाट्या, मधमाश्या येऊ नयेत म्हणून भोकांवर बसवायच्या जाळ्या आणि बाटल्या घासायचे बारीक ब्रश. आधी गोड टांगायचं आणि मग गोडाला जे कोण लागतं त्याच्याशी भांडायचं. दोन्हीची विक्री एकाच दुकानात.

मी कबनूरची. कबनूर कुठं संपतं आणि इचलकरंजी कुठं सुरू होते हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. दोन्हीकडं सारखेच माग, सारखीच खटखट. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या पट्ट्याचं घड्याळ दिवसपाळी आणि रातपाळी असं दोनच आकडे दाखवतं. मागांच्या शेडा संपल्या की ऊस. उन्हाळ्यात रसवंतीवर चरकाभोवती मधमाश्या असतात, चिपाडाच्या ढिगावर असतात, ग्लासाच्या कडेवर असतात. रसवाला एका हातानं ऊस सारतो, दुसऱ्या हातानं फडकं फिरवतो आणि गिऱ्हाईक फुंकर मारून रस पितं. गोडावर माश्या येणं यात मला नवल वाटायचं कारण नव्हतं. नवल वाटलं ते त्यांनी टक्सनमध्ये कुणाची जागा अडवली होती त्याचं.

टक्सन ॲरिझोना राज्यात, सोनोरन वाळवंटात वसलेलं आहे. फिनिक्सला उतरून मोटारीनं दोनेक तास दक्षिणेला. मेक्सिकोची हद्द तिथून पुढं तासाभरावर. वाळवंट म्हणून मी वाळूच्या टेकड्यांची वाट बघत होते. प्रत्यक्षात इथं हिरवं पुष्कळ आहे, फक्त त्या हिरव्याला काटे आहेत. सग्वारो नावाचा निवडुंग घराच्या वर उंच जातो आणि त्याला पहिला फाटा फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. सगळ्यांत गंमत म्हणजे इथलं हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर या दिवसांना अधिकृतपणे ‘मान्सून’ म्हणतं. वर्षाचा पाऊस सगळा मिळून ११ इंचांच्या आसपास. आमच्या गगनबावड्याला जुलैतल्या एका जोरदार आठवड्यात याहून जास्त पडतो. पण मोजमापाला हसण्यात अर्थ नाही. तेवढ्याच पावसावर इथलं सगळं रान उभं आहे.

लेकीनं मागच्या अंगणात पालो वर्दे नावाच्या हिरव्या खोडाच्या झाडाला बाटली टांगली आहे. नात म्हणाली, “आज्जी, इथं बस आणि अजिबात हलू नको.” निवृत्त शिक्षिकेला असा हुकूम ऐकायची सवय नसते. तरी बसले.

आवाज आधी आला, पाखरू नंतर दिसलं. चोच धरून साडेतीन-चार इंच लांबी आणि वजन तीन ते साडेतीन ग्रॅम, म्हणजे साधारण आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढं. ते बाटलीपुढं हवेत थांबलं. घिरट्या घालत नव्हतं, तरंगत नव्हतं, थांबलं होतं. चोच भोकात घातली, काढली आणि तसंच पाठीमागं सरकलं. मागं नीट उडू शकणारे पक्षी जगात हेच. पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात, त्यामुळं पंख दिसतच नाहीत, अंगाच्या दोन्ही बाजूंना धूसर काहीतरी दिसतं. इतर पक्ष्यांचा पंख खाली येताना भार उचलतो आणि वर जाताना नुसता परत जातो. हा वर जातानाही उचलतो. २००५ साली शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं, तर तीन चतुर्थांश भार खाली येताना आणि एक चतुर्थांश वर जाताना, अशी वाटणी निघाली. या कसरतीत हृदय मिनिटाला बाराशे वेळांपर्यंत धडधडतं. एवढी आग पोटात असल्यावर खाणंही तसंच लागणार: दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास नुसती साखर. आणि रात्री, खाणं बंद झालं की, मरायचं नसेल तर आग विझवूनच ठेवावी लागते. श्वास मंदावतो, अंग गार पडतं. अँडीज पर्वतातल्या एका जातीच्या हमिंगबर्डचं तापमान रात्री ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेलं नोंदलं गेलं आहे. सकाळी तेच पाखरू पुन्हा तापतं आणि उडून जातं.

जिभेची गोष्ट तर मी वर्गात सांगायला हवी होती. शंभराहून अधिक वर्षं पुस्तकांत लिहिलेलं होतं की हमिंगबर्डच्या जिभेत मध केशाकर्षणानं चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच नियमानं. २०११ साली कनेक्टिकट विद्यापीठातल्या दोघांनी ती जीभ अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपली. जिभेचं टोक दुभंगलेलं, कडांना झालरी. मधात शिरली की झालरी उलगडतात, बाहेर येताना मिटतात आणि मध आत पकडून आणतात. केशाकर्षणाचा पाठ शिकवून मी निवृत्त झाले, आणि इकडं पाखरानं तो पाठ कधीच पाळलेला नव्हता.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. जाती साडेतीनशेच्या वर, त्यातल्या बहुतेक दक्षिण अमेरिकेत. अमेरिकी संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात घरटं करणारी जात एकच. पण ॲरिझोनाच्या या दक्षिण कोपऱ्यात पंधराएक जाती दिसतात आणि त्यासाठी देशभरातून माणसं दुर्बिणी घेऊन येतात. इथून जवळच्या पॅटागोनिया नावाच्या छोट्या गावात पॅटन नावाच्या जोडप्यानं आपलं परसच सगळ्यांना खुलं केलं होतं. दोघंही गेल्यावर ती जागा टक्सनच्या ऑडुबॉन संस्थेनं सांभाळली. कुणीही यावं, बाकावर बसावं, बाटल्यांकडं बघावं. देवळाबाहेर चपला काढून बसतात तसं लोक बसलेले असतात, कुणी बोलत नाही.

लेकीच्या बाटलीवर तीन जाती मी ओळखायला शिकले. एक लाल चोचीचा, गळ्याला निळा. दुसरा ॲनाज, त्याचा गळा सावलीत काळा दिसतो आणि ऊन पडलं की एकदम गुलाबी पेटतो, कारण तो रंग पिसात नसून पिसावर पडलेल्या उजेडाच्या खेळात असतो. तिसरा रुफस, तांबूस. हा इथला राहणारा नाही. उन्हाळ्यात अलास्कापर्यंत जाऊन घरटं करतो आणि हिवाळ्यासाठी मेक्सिकोला परततो; एका दिशेचा प्रवास सहा हजार किलोमीटरांच्या घरात. वाटेत टक्सनला थांबतो तो पाहुण्यासारखा नाही, घरमालकासारखा. जवळच्या काटकीवर बसून राहतो आणि बाटलीकडं कुणी फिरकलं की तुटून पडतो. स्वतः पीत नसला तरी दुसऱ्याला पिऊ देत नाही. माद्यांना हाकलतो, ॲनाजला हाकलतो, एकदा तर चिमणीएवढ्या फिंचवर धावून गेला. मेक्सिकोच्या ॲझ्टेक लोकांनी आपल्या युद्धदेवाला हमिंगबर्डचं नाव दिलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती कवीची लहर वाटली. रुफस बघितल्यावर ती नुसती नोंद वाटते.

या रुफसला माश्यांनी हरवलं.

ऑगस्ट संपत आला, पाऊस दोन-तीनदा गडगडून नुसताच निघून गेला आणि रानातली फुलं वाळली. आधी एक-दोन मधमाश्या भोकांवर दिसल्या. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत भोकं दिसेनात, नुसता माश्यांचा थर. प्रत्येक प्लॅस्टिकच्या फुलावर एकीवर एक चढलेल्या, बाटलीच्या काचेवर चालणाऱ्या, खाली पडलेल्या थेंबांवर बसलेल्या. रुफस आला. हवेत थांबला. चोच पुढं केली, तशी एक माशी उठली, आणि तो वीतभर मागं सरला. डावीकडून आला, तिथंही तेच. त्याचं वजन माशीच्या तीसपटीहून जास्त. पण तीन ग्रॅमच्या जिवाला एक डंखही परवडणारा नाही. शेवटी तो तारेवर बसून चटचट आवाज करत राहिला. त्या दिवशी दुपारी बाटलीवर एकही पाखरू आलं नाही आणि संध्याकाळपर्यंत बाटली निम्मी झाली.

मी फडकं घेऊन निघाले होते. रसवंतीचा संस्कार. कुंपणापलीकडून शेजारीणबाई ओरडल्या. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला मोठी टोपी, स्वतःच्या अंगणात बाटल्यांची रांग. लेकीनं मला त्यांचं बोलणं सांगितलं: माश्यांना मारायचं नाही, हाकलायचं नाही. बाटलीवरची माशी खाण्यात गुंग असते, ती सहसा डसत नाही. पण इथल्या रानमाश्या आफ्रिकी रक्ताच्या आहेत. पोळं कुठं जवळ असेल आणि ते उठलं, तर फायर ब्रिगेड बोलवावं लागतं. फायर ब्रिगेड खरंच येतं आणि माश्यांवर साबणाचा फेस मारतं.

आग्या मोहोळ उठणं म्हणजे काय हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गडावर गेलेल्या पोरांच्या पाठी लागलेली मोहोळं आपण पेपरात वाचतोच. पण या आफ्रिकी माश्यांची कथा अशी की ती कुणी रचली असती तर मी खोटी म्हटली असती. १९५६ साली ब्राझीलमध्ये वॉरविक केर नावाच्या शास्त्रज्ञानं आफ्रिकेतून राण्या आणवल्या. युरोपातून आलेली माशी उष्ण हवेत मध कमी देत होती. आफ्रिकेच्या माशीशी संकर करून जोमदार जात काढायची, असा बेत. साओ पाउलो राज्यातल्या रिओ क्लारो इथं पेट्या ठेवल्या होत्या. राणी बाहेर पडू नये म्हणून पेटीला जाळी असते. १९५७ मध्ये कुणीतरी त्या जाळ्या काढल्या आणि २६ राण्या आपापले थवे घेऊन उडाल्या. पुढं त्या दरवर्षी शेकडो किलोमीटर उत्तरेला सरकत राहिल्या. ऑक्टोबर १९९० मध्ये टेक्सासमधल्या हिडाल्गोला पोचल्या, १९९३ मध्ये ॲरिझोनात. हिडाल्गोनं आपल्या गावात या माशीचा भला मोठा पुतळा उभा केला आहे. जिच्या नावानं देशभर घबराट, तिच्याशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात. या बाबतीत माणसं सगळीकडं सारखीच.

जावई सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे आई, पाखरू इथलं मूळचं आणि माशी बाहेरची.” वाक्य सोपं होतं, आणि त्यांचा स्वतःचा व्हिसाचा कागद अजून कुठंतरी टेबलावर पडून असल्यामुळं त्यात थोडा चटकाही होता. मी वाचनालयातून पुस्तकं आणायला सुरुवात केली होती, म्हणून मला ते वाक्य तसंच सोडवेना.

माशी बाहेरची हे खरं. आज अमेरिकेत मध देणारी माशी इंग्रज वसाहतवाल्यांनी १६२२ साली जहाजातून व्हर्जिनियाला आणली. थॉमस जेफरसननं अठराव्या शतकात लिहून ठेवलंय की इथले मूळ रहिवासी तिला ‘गोऱ्यांची माशी’ म्हणत. ती रानात दिसली की मागोमाग गोरे येणार हे ते ओळखत. पण नेवाडात, म्हणजे टक्सनपासून मोटारीनं एका दिवसाच्या टप्प्यातल्या राज्यात, एका दगडात मधमाशीचा ठसा सापडला आहे, १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. म्हणजे मधमाशीच्या कुळातलं कुणीतरी इथं आधीच राहून गेलं होतं आणि नामशेष झालं होतं. आणि हमिंगबर्ड? आजच्यासारखी लांब चोच असलेला, हवेत थांबू शकणारा सगळ्यांत जुना हमिंगबर्ड सापडला तो जर्मनीत. ३ कोटी वर्षांपूर्वीचा. २००४ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा पक्षिशास्त्रज्ञ चक्रावले, कारण आज त्या अख्ख्या खंडात एकही हमिंगबर्ड नाही.

जर्मनीतून नाहीसं झालेलं पाखरू आणि अमेरिकेतून नाहीशी झालेली माशी, दोघांचे भाऊबंद आता एकाच बाटलीवर. यातला उपरा कोण हे ठरवायला विमानतळावरचा तो शिक्के मारणारा साहेब आणावा लागेल, आणि त्यालाही कोट्यवधी वर्षांचा पासपोर्ट बघता येणार नाही. जावई हसले. लेक म्हणाली, “आई, तू इथं येऊनही पेपर तपासतेस.”

मला मात्र भांडणाचं कारण माशीत किंवा पाखरात दिसेना. ते बाटलीत होतं.

रानात ही दोघं क्वचितच एकमेकांच्या वाटेला जातात, कारण फुलांनी त्यांची सोय कधीच वेगवेगळी लावून दिली आहे. हमिंगबर्डची फुलं बहुतेक लाल, लांब नळीची, खाली झुकलेली. माशीला उतरायला पाकळी नाही. मध तळाशी, दोन-अडीच सेंटीमीटर आत. माशीची सोंड सहा-सात मिलिमीटर. मध पातळ, साखर वीस-पंचवीस टक्के. माशीला दाट मध आवडतो, पातळ मधातलं पाणी उडवायलाच तिला पोळ्यात निम्मी मेहनत जाते. आणि रंग. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं म्युनिकमध्ये मधमाश्यांना रंगीत कागदांवर साखरेच्या पाण्याच्या बश्या ठेवून शिकवलं. १९१४ च्या सुमारास दाखवून दिलं की माशीला निळा, पिवळा दिसतो, पण लाल तिला काळ्यासारखा. साखरेच्या पाण्याच्या त्याच बश्यांवरून पुढं त्यानं माश्यांचा नाच उलगडला: खाणं सापडलेली माशी पोळ्यावर येऊन नाचते आणि नाचाच्या दिशेतून, लांबीतून बाकीच्यांना ठिकाण सांगते. १९७३ साली त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. आपल्या बाटलीवर सकाळी एक आणि दहाला दोनशे, हे त्या नाचाचं काम.

आता बाटली बघा. रंग लाल, हे बरोबर. पण शोभेसाठी फुलांच्या मध्यभागी पिवळं प्लॅस्टिक, म्हणजे माशीला आवतण. भोकाभोवती पसरट पाकळ्या, म्हणजे उतरायला जागा. आणि उलट्या बाटलीत पाणी अगदी भोकाच्या तोंडाशी, सोंडेला हाताशी. वर टक्सनचं ऊन. दुपारी चाळीस अंशांत बाटलीत वर अडकलेली हवा फुगते आणि पाणी खाली ढकलते. भोकातून थेंब-थेंब गळतं. ते गळलेलं सुकतं, दाट होतं, वास सुटतो. फुलानं लाखो वर्षांत जे जे कुलूप लावलं होतं ते प्लॅस्टिकच्या कारखान्यानं एकेक करून उघडून ठेवलं.

म्हणून उपायही फुलाकडूनच घ्यावे लागतात. दुकानातल्या पिवळ्या जाळ्या घ्यायच्या नाहीत, त्या उलट बोलावतात. बशीसारखी पसरट बाटली घ्यायची, जिच्यात पाणी झाकणाच्या बरंच खाली राहतं: पाखराची चोच आणि जीभ पोचते, माशीची सोंड नाही. नेहमीचं प्रमाण एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. माश्या फार झाल्या की पाच वाट्या. बाटली सावलीत सरकवायची, आणि तीही दोन-चार हात, कारण माशी ठिकाण लक्षात ठेवते, पाखरू शोधून काढतं. भोकांभोवती तेल चोपडायचं नाही, पाखराच्या पिसांना लागतं. मध घालायचा नाही, त्याला बुरशी लवकर येते. लाल रंग पाण्यात घालायचा नाही, बाटली लाल आहे तेवढं पुरे. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांआड घासून पाणी बदलायचं. माश्यांसाठी दूर वेगळी बशी ठेवावी, दाट पाण्याची, असं काही जण सांगतात. शेजारीणबाई ठेवतात. मला ते पटलं नाही. वेगळी बशी म्हणजे नाचणाऱ्या माशीला आणखी एक बातमी. लेकीनं ठेवली नाही.

नवी पसरट बाटली टांगल्यावर माश्या दोन दिवस येऊन भोकांतून वाकून बघत राहिल्या. त्यांना वास येत होता, हाताला लागत नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून गर्दी ओसरली, पण पूर्ण गेली नाही. झाकणावर चुकून सांडलेल्या थेंबापुरत्या येत राहिल्या. आणि मग मला दिसलं की पाखरांनी आधीच स्वतःची सोय लावून घेतली होती. पहाटे, उजेड नीट फुटायच्या आत, माश्या अजून पोळ्यात असताना, बाटलीवर हमिंगबर्डची झुंबड असे. तसंच सूर्य टेकल्यावर. माश्यांना ऊन लागतं, पाखरांना घाई. मधला तापलेला दिवस माश्यांचा, दोन्ही टोकं पाखरांची. आमच्या मागावर कामगार असेच एकमेकांच्या हातात माग सोपवून जातात, फरक एवढाच की इथं मुकादम नव्हता.

तिसरी पाळी मला नातीनं दाखवली. एका सकाळी बाटली कोरडी ठणठणीत. रात्री भरलेली होती. मी म्हटलं, गळली असेल. खाली जमीन कोरडी. नात शहाण्यासारखी म्हणाली, “आज्जी, वटवाघळं.” त्या रात्री आम्ही दोघी मागच्या खोलीत दिवा मालवून बसलो. साडेनऊच्या सुमारास काहीतरी आलं आणि गेलं, इतक्या वेगात की मला वाटलं डोळ्यांपुढं अंधारी आली. मग पुन्हा, मग एकामागून एक. ती बसत नाहीत. हवेत क्षणभर अडखळतात, जीभ बुडवतात, निघतात. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, जीभ जवळजवळ अंगाच्या लांबीची. ही लांब नाकाची वटवाघळं मेक्सिकोतून लांबचं अंतर उडत येतात, सग्वारो आणि घायपाताच्या फुलांच्या बहराचा माग काढत. रात्री उमलणाऱ्या त्या फुलांचं परागीकरण तीही करतात. बहर संपला, जायची वेळ आली की ऑगस्ट-सप्टेंबरात वाटेतल्या बाटल्या रिकाम्या करतात.

१९८८ साली या वटवाघळांना अमेरिकी सरकारनं धोक्यात आलेल्या जीवांच्या यादीत टाकलं तेव्हा ती हजारापेक्षाही कमी उरल्याचा अंदाज होता, माहीत असलेल्या १४ ठिकाणी. २०१८ साली त्यांना यादीतून काढलं तेव्हा अंदाज दोन लाखांचा आणि ठिकाणं ७५. यादीतून सावरून बाहेर आलेलं हे पहिलं वटवाघूळ. त्यात मेक्सिकोच्या टकिला काढणाऱ्यांचा वाटा आहे, गुहा राखणाऱ्यांचा आहे, आणि टक्सनच्या माणसांचाही. त्यांनी रात्री बाटली किती भरली, सकाळी किती उरली, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या; वटवाघळं कधी येतात, कधी जातात हे शास्त्रज्ञांना त्या वह्यांतून कळलं. शेजारीणबाईंकडंही अशी वही आहे. रेघा मारलेली, तारीखवार, कुठं खाडाखोड नाही. ती बघून माझ्यातल्या शिक्षिकेला फार बरं वाटलं.

रविवारी कबनूरला फोन लावला. दीर, जाऊ, शेजारचे दोघं, सगळे स्पीकरवर. मी सगळं सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, “एक बाटली आणा की, आपल्या शेवग्याला टांगू. आपल्याकडं पण तसलं बारकं पाखरू येतंय.” येतं खरं. जांभळा शिंजीर. तोही चमकतो, तोही वाकड्या चोचीनं मध पितो, पण तो हमिंगबर्डचा नातेवाईक नाही. तीच नोकरी करणारं वेगळं घराणं. तो दहा ग्रॅमांच्या आत, फांदीला धरून पितो, हवेत फारसा थांबत नाही. आमच्या जास्वंदीच्या तळाला भोक पाडून मध चोरताना मी त्याला पाहिलेलं आहे. मी म्हटलं, “बाटली नको. जास्वंद लावा, पांगारा लावा. बाटली टांगली तर रसवंतीवरच्या सगळ्या माश्या आपल्या अंगणात येतील.” तिथल्या माश्याही मिसळीच्याच आहेत म्हणा. आपली सातेरी, आग्या, फुलोरी आहेतच. पण पेट्यांतली मोठी युरोपीय माशी भारतात १९६२ साली नगरोटा बगवाँला आणली, आता ती शेतोशेत आहे. भुदरगडातल्या पाटगावला, जिथं मधाचं गाव केलंय, तिथं मात्र सातेरीच पाळतात, आणि ते मला आवडतं.

दीर इतका वेळ गप्प होते. कारखान्याचे सभासद, त्यामुळं त्यांचं डोकं वेगळीकडं चाललेलं.

“वैनी, तिथं साखरेचा भाव काय?”

चार पौंडांच्या पिशवीचा भाव मी रुपयात करून सांगितला. किलोला दीडशेच्या पुढं.

“दीडशे! आन् ऊसवाल्याला किती देतात?”

मी सांगितलं की या देशात पिकणाऱ्या साखरेत निम्म्याहून जास्त साखर उसाची नाहीच. बीटची. पिशवीवर उसाची असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बहुधा बीटचीच.

पलीकडं जरा वेळ नुसतं मागांचं खटखट ऐकू आलं.

“बीट? म्हंजे कोशिंबिरीतलं?”

“त्याच जातीचं, पण पांढरं. साखर तीच निघते, सुक्रोज. रासायनिकदृष्ट्या काही फरक नाही.”

“आन् ती पाखरं पितात?”

“पितात.”

“माश्या पण?”

“माश्या पण, वटवाघळं पण.”

“हे काय खरं न्हाई,” असं म्हणून त्यांनी फोन शेजारच्या आप्पांच्या हातात दिला. आप्पा कारखान्याच्या माजी संचालकांचे मेहुणे. त्यांना बीटपासून साखर कशी काढतात, चरक कसला वापरतात, चोथ्याचं काय करतात आणि उतारा किती पडतो, हे सगळं सविस्तर हवं होतं.